पोटातली ओल

खानापूरहून बारशाचा कार्यक्रम आटोपून आम्ही बेळगावच्या वडगावात परतलो, तेव्हा पाऊस उघडला होता. आत्याचे गुडघे दुखतात, मागच्या सीटवर सरकत आत जाणे तिला जमत नाही, म्हणून ती पुढे माझ्या शेजारी बसली होती. हात धरून मी तिला उतरवले, तिने चप्पल उंबऱ्याबाहेर काढली आणि ती आत गेली. तिच्यामागून मी शिरले, तर शहाबादी फरशीवर तिच्या पावलांचे ठसे उमटलेले दिसले. टाच, चवडा, बोटे असे पुरे, पाण्याने भरलेले ठसे. लुगड्याचा काठ चार बोटे भिजून काळपट पडला होता. खानापुरात ती पडवीतून थेट गाडीत बसली होती आणि वाटेत आम्ही कुठेही उतरलो नव्हतो. म्हणजे पंचवीस-सव्वीस किलोमीटर ती पाण्यात पाय ठेवून बसली होती आणि रस्ताभर बारशाला आलेल्या माणसांविषयी माझ्याशी बोलत होती. पाय भिजल्याचे तिने एका शब्दाने सांगितले नाही. मी विचारले तेव्हा म्हणाली, “पाऊस म्हटल्यावर पाय भिजणारच की गं. त्यात काय सांगायचं?”

तिचे ते न सांगणे माझ्या मनाला लागून राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी टॉर्च घेऊन मी डाव्या बाजूचे दार उघडले. आतून एक जड, आंबूस वास अंगावर आला. पावसाळ्यात बंद राहिलेल्या माळ्याला येतो तसा. रबरी मॅट उचलली. तिच्या खालच्या बाजूला पाण्याचे थेंब दाटले होते, पण कार्पेटवर हात फिरवला तर ते नुसते गार लागत होते, ओले म्हणावे इतके नव्हते. मग मूठ वळून बोटांच्या पेरांनी जोर दिला आणि कार्पेटमधून पाणी वर आले, बोटांच्या भोवती साचले, हात काढताच पुन्हा आत शोषले गेले. असे दोन-तीन ठिकाणी दाबून पाहिले. समोरच्या उतरत्या भागात कमी, सीटच्या पायाशी जास्त, आणि सीटखालून मागच्या प्रवाशाच्या पायांपर्यंत ओल पोचलेली. गाडीतले कार्पेट दिसायला पातळ असते, पण त्याच्या पोटाशी बोटभर जाडीचा फेल्ट किंवा फोम चिकटवलेला असतो. रस्त्याचा आवाज आणि इंजिनाची उष्णता आत येऊ नये हे त्याचे काम. आवाज अडवणारी ही पोकळ, सच्छिद्र वस्तू पाणीही तितक्याच निष्ठेने धरून ठेवते. वरचे केस वाऱ्याने वाळतात, हाताला कोरडे लागतात, आणि खाली पत्र्याला लागून लिटरच्या लिटर पाणी तसेच राहते.

अथणीच्या मावसभावाला फोनवर सांगितले, तर तो म्हणाला, “दारं उघडी टाकून ठेव, दोन दिवसांत खडखडीत वाळंल.” त्याच्या गावापुरते ते अगदी खरे आहे. अथणी आणि खानापूर हे एकाच बेळगाव जिल्ह्याचे दोन तालुके आहेत, पण अथणीकडे जुलैतही रस्त्यावर धूळ उडते आणि इकडे जांबोटीच्या पुढे, कणकुंबीला जिथे मलप्रभा उगम पावते त्या भागात, महिना महिना सूर्य नीट दिसत नाही. बेळगाव शहर या दोहोंच्या मध्ये असले तरी आषाढात आमची हवा कणकुंबीची असते. वस्तू वाळते म्हणजे तिच्यातले पाणी हवा घेऊन जाते, आणि हवेला किती पाणी नेता येईल याला सक्त मर्यादा आहे. २४ अंश तापमानाला एक घनमीटर हवेत साधारण २२ ग्रॅम वाफ मावते. आमच्याकडे पावसात हवेची आर्द्रता ९० टक्क्यांवर असते, म्हणजे त्यातले २० ग्रॅम आधीच भरलेले. उरले दोन ग्रॅम. लहान मोटारीच्या आत तीन घनमीटर हवा धरली तर ती सगळी मिळून सहा-सात ग्रॅम, एखादा चमचाभर पाणी उचलू शकेल. एक लिटर पाणी बाहेर काढायचे तर गाडीतली सगळी हवा सुमारे दीडशे वेळा बदलायला हवी, आणि तीही प्रत्येक वेळी काठोकाठ भरून गेली पाहिजे. ओल्या, निपचित हवेत दारे उघडी टाकून ते होत नाही. त्यात हवेबरोबर उष्णताही लागते: एक लिटर पाण्याची वाफ व्हायला विजेच्या जवळजवळ दोन तृतीयांश युनिटाइतकी. ऊन पडले की ती फुकट मिळते. ऊन नसले की ती कुठून तरी आणावी लागते.

मधूनच ऊन पडते तेव्हा काचा लावून गाडी उन्हात तापवावी, असे पुष्कळजण सांगतात. तापलेल्या गाडीतली हवा खरोखरच दुपटी-तिपटीने पाणी उचलते, परंतु ते पाणी बाहेर जायला वाट नसते. संध्याकाळी गाडी निवते, तीच वाफ काचेवर आणि छताच्या कापडावर जमते, आणि जी ओल खाली होती ती आता वरही होते. छताच्या कापडावर बुरशीचे काळे ठिपके येतात ते बहुधा असेच. घरगुती उपायांचीही मी यादी करत गेले. वर्तमानपत्रे दाबून ठेवली तर ती वरवरचे पाणी घेतात, तासाभरात बदलली तर उपयोग होतो, रात्रभर ठेवली तर ओल धरून बसतात. वाटीत मीठ ठेवतात. मीठ ७५ टक्क्यांहून जास्त आर्द्रतेतच पाणी ओढते, आणि गाडीतली आर्द्रता त्याच्या खाली आणण्याची ताकद त्याच्यात नाही. कोळसा वास शोषतो. कॉफीची पूड वास झाकते. यांतले काहीही फेल्टच्या पोटात शिरत नाही.

आत्याला हे सगळे सांगायची गरज पडली नाही. चौकशीला तिचा फोन आला, आणि मी कार्पेट वरून वाळल्यासारखे वाटते असे म्हणताच ती एकदम म्हणाली, “वरनं वाळलंय म्हणून बसू नको. पोटातली ओल गेली काय बघ आधी.” हे तिचे ज्ञान मागाच्या खड्ड्यातले आहे. वडगावातल्या तिच्या सासरी घरातच हातमाग होता. अशा मागावर विणकर जमिनीच्या पातळीला बसतो आणि पाय खड्ड्यात सोडून पावड्या चालवतो. वडगाव, खासबाग, शहापूर या पट्ट्यात असे माग घरोघर होते, आणि पावसाळा लागला की त्या खड्ड्यांना पाझर फुटे. माझ्या लहानपणी सुट्टीत मी तिथे जात असे. सकाळी उठल्यावर आत्याचे सासरे खड्ड्यात उतरून फडक्याने पाणी टिपत, पितळी तांब्यात पिळत आणि मग लोखंडी घमेल्यात निखारे घालून ते खड्ड्याच्या तळाशी ठेवत. वर ताण्याला, म्हणजे मागाच्या उभ्या धाग्यांना, खळ दिलेली असे. खळ म्हणजे पेजच. ओल लागली की ती चिकट होते, सुताला वास येतो, धागा फणीत अडकून तुटतो. सूत वाळले की नाही ते पाहण्याची त्यांची रीत अशी, की बोटांनी चाचपून न थांबता ते लड गालाला लावत. हाताला कोरडे वाटणारे सूत गालाला गार लागले, तर आत ओल आहे. त्या घरात कोणी पाय भिजल्याची तक्रार केलेली मला आठवत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी त्या गल्ल्यांतून घरांत शिरले आणि कितीतरी माग खड्ड्यांसकट बुडाले, तेव्हाही आत्याने मला पहिली गोष्ट सांगितली ती साड्यांची आणि मागाच्या बीमवर गुंडाळलेल्या सुताची. स्वतः ती तेव्हा कुठे झोपली, हे मला पुष्कळ उशिरा कळले.

मी आता टिळकवाडीत दुसऱ्या मजल्यावर राहते. माझ्या घराला ओल येत नाही. कोरडे असणे हा मला माझा हक्क वाटतो, आणि तिला ती उन्हाळ्याची देणगी वाटते. तिच्या सोशिकपणाचे मला कौतुक वाटते, आणि त्याच वेळी तो पाहून मनात कालवाकालव होते. माझ्या शेजारी बसून तिने पाय भिजू द्यावेत, यात तिचा समजूतदारपणा किती आणि मला अडचण होऊ नये हा संकोच किती, हे मला ठरवता आलेले नाही.

गाडीकडे वळते. एका मोठ्या वर्कशॉपमध्ये चौकशी केली, तिथे आतून धुऊन, सुकवून, सुगंध मारून देऊ असे सांगितले गेले. पाणी कुठून आले, हे तिथे कोणी विचारले नाही. उद्यमबागेच्या अलीकडे एक मेस्त्री आहेत, जुनी माणसे त्यांच्याकडेच जातात. त्यांनी कार्पेट दाबून पाहिले, बोटाला लागलेले पाणी चोळून पाहिले, वास घेतला. रेडिएटरमधले कूलंट आत गळत असते तर ते चिकट लागते आणि गोडसर वास येतो. तसे काही नव्हते. मग माझा संशय एसीवर होता, कारण एसीच्या पाण्याची नळी तुंबली की पाणी नेमके डाव्या पायाशीच उतरते. ते म्हणाले, “एसीचं असतं तर ऊन पडल्यावर पण आलं असतं की. तुमचं पावसातच यायलंय म्हणता. थांबा ओ वैनी, वाट गावू दे पहिला. वाट गावल्याबिगर वाळवून उपयोग नाही.”

वाट शोधण्याची त्यांची पद्धत मी उभी राहून पाहिली, आणि ती मला फार आवडली. डॅशबोर्डखालचे आवरण काढून ते स्वतः टॉर्च घेऊन सीटच्या जागी पाठीवर आडवे झाले. बाहेर एक मुलगा पाण्याची नळी घेऊन उभा. मुलाने नळी थेट पुढच्या काचेवर धरली, तसे आतून मेस्त्री ओरडले, “केळगिंद हाक, केळगिंद!” आणि मग माझ्यासाठी म्हणून मराठीत, “खालनं वर यायचं.” वरून पाणी सोडले तर ते सगळीकडूनच ओघळते आणि नेमके कुठून शिरले ते कळत नाही. म्हणून आधी चाकाजवळ, मग दाराच्या खालच्या कडेला, मग दाराच्या बीडिंगवर, मग काचेच्या खालच्या कोपऱ्यावर, अशी एकेक पायरी चढत जायचे आणि प्रत्येक पायरीवर थोडे थांबायचे. संशय आलेल्या सांध्यांवर त्यांनी आधीच पावडर भुरभुरली होती, म्हणजे ओघळ आला की त्याची रेघ राहते. दार कोरडे निघाले. काचेचा कोपरा कोरडा निघाला. वायपरच्या खाली जी काळी जाळी असते तिच्यावर पाणी पडत राहिले, काही वेळ काहीच झाले नाही, आणि मग आतून त्यांचा आवाज आला, “आलं.”

ती जाळी त्यांनी उघडली तेव्हा मी वाकून पाहिले. पुढच्या काचेवरून येणारे सगळे पाणी या जाळीतून एका पन्हळीत पडते आणि पन्हळीच्या दोन्ही टोकांच्या भोकांतून चाकांच्या मागे जमिनीवर जाते. आमच्या इमारतीच्या फाटकाशी गुलमोहर आहे आणि गाडी त्याच्याखाली उभी असते. गुलमोहराचे पान केवढे मोठे दिसते, पण त्याची एकेक पर्णिका भाताच्या दाण्यापेक्षा फार मोठी नसते. ती जाळीतून सहज आत जाते. पन्हळीत त्या पर्णिका, पाकळ्यांचे तांबडे तुकडे आणि धूळ मिळून काळाभोर, मऊ लगदा झाला होता आणि डावीकडचे भोक त्याने पुरते बुजले होते. त्या लगद्यात एक गांडूळ होते. पाणी साचत साचत पन्हळीतच उभ्या असलेल्या, ब्लोअरसाठी बाहेरची हवा घेणाऱ्या तोंडापर्यंत चढत होते आणि तिथून आत ओतत होते. ब्लोअरचे घर डाव्या बाजूला, म्हणून पाणी आत्याच्या पायाशी. मेस्त्रींनी बोट घालून लगदा ओढला आणि इतका वेळ अडलेले पाणी भसकन चाकामागून खाली आले.

त्यानंतर त्यांनी मला गाडीतल्या पाण्याच्या वाटा एकेक करून दाखवल्या, आणि माझी जी एक समजूत होती की मोटार ही पाणी आत येऊ न देणारी बंद पेटी आहे, ती पार बदलली. दाराची काच खाली-वर होते तिथे रबर असते, पण त्यातून पाऊस दाराच्या पोटात उतरतोच, उतरायचाच असतो. दाराच्या तळाला बारीक फटी ठेवलेल्या असतात, त्यांतून तो बाहेर जातो, आणि आतल्या बाजूला चिकटवलेला एक पातळ पडदा त्याला माणसांकडे येऊ देत नाही. डिकीच्या कडेने पन्हळ असते. ज्या गाड्यांना छतावर उघडझाप करणारी काच असते, त्यांच्या चारही कोपऱ्यांतून बारीक नळ्या खांबांमधून खाली आणलेल्या असतात. आणि तळाच्या पत्र्यालाच गोल भोके असतात, ज्यांना रबरी बुचे लावलेली असतात: कारखान्यात गाडीचा सांगाडा रंगाच्या हौदात बुडवून काढतात तेव्हा रंग निथळावा म्हणून ती पाडलेली. ज्यांनी गाडी घडवली त्यांनी पाणी येणार हे आधीच धरले होते. त्याला बाहेर जायच्या वाटा त्यांनी दिल्या होत्या, आणि त्यांतली एक बुजली होती.

वडगावात वाढलेल्या कोणालाही यात नवे काही वाटणार नाही. बळ्ळारी नाल्यात गाळ आणि जलपर्णी भरली की शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या शिवारात भात दिवसेंदिवस पाण्याखाली राहतो आणि कुजतो. पाऊस पूर्वीही तेवढाच पडायचा, असे आत्याच्या घरचे शेतकरी सांगतात. नाला मोकळा करा, एवढेच त्यांचे दरवर्षीचे मागणे असते, आणि दरवर्षी ते मागावे लागते याचा मला संताप येतो.

वाट मोकळी झाल्यावर वाळवणे सुरू झाले, आणि ते कार्पेट बाहेर काढल्याशिवाय होणार नव्हते. आधी बॅटरीची वायर सोडवून काही मिनिटे थांबले, कारण सीटखाली पिवळ्या कनेक्टरच्या ज्या वायरी असतात त्या एअरबॅगच्या, आणि बॅटरी काढली तरी त्यात थोडा वेळ वीज शिल्लक असते. मग सीटचे चार बोल्ट गोटी पान्याने सोडवून सीट उचलली. दोघांनी मिळून कार्पेट गुंडाळत बाहेर ओढले. कोरडे असताना एका हाताने उचलावे असे ते, दोघांना जड झाले होते. फेल्टची खालची बाजू वर आली तेव्हा मी जवळ गेले. जुन्या कापडांच्या चिंध्या पिंजून तो केलेला असतो आणि जवळून पाहिले तर त्यात निळे, मेंदी, तांबडे धागे वेगवेगळे दिसतात. एका ठिकाणी कुंकवाची पुडी फुटून मोठा डाग पडला होता. मागच्या वर्षी खानापुरातून भाताचे पोते आणले होते, त्यातले सांडलेले दाणे फेल्टखाली गेले होते आणि त्यांना पांढुरके, उजेड न पाहिलेले कोंब फुटून ते पत्र्यालगत आडवे वाढले होते. सीटच्या एका बोल्टभोवती नारिंगी गंजाचे कडे धरले होते. मुलगा ते सगळे झाडून टाकणार होता. त्याआधी ते कोंब मी बोटावर घेऊन पाहिले.

फेल्ट पिळता येत नाही, पिळला की फाटतो. त्याला उतारावर टाकून लाटण्याने लाटावे तसे पाइपने दाबत पाणी काढले, आणि पाणी खेचणाऱ्या व्हॅक्यूमचे तोंड त्यावर संथपणे फिरवले. त्यातून निघालेल्या पाण्याने बादलीचा तळ कधीच झाकला गेला होता आणि ती भरतच होती. तरी उरलेली ओल हवेनेच न्यायची होती, आणि हवा तर भरलेली. इथे मेस्त्रींचे मेव्हणे कामी आले. ते उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत कामाला आहेत. लोखंड ओतायच्या साच्यात, मालात पोकळी राहावी म्हणून, वाळूचे गाभे म्हणजे कोअर बसवतात आणि ते आधी भट्टीत वाळवतात, कारण वाळूत ओल राहिली तर वितळलेल्या लोखंडाने तिची वाफ होते आणि ओतीव मालाच्या पोटात भोके पडतात. वरून माल गुळगुळीत दिसतो, भोके आतच असतात आणि कातताना सापडतात. त्या माणसांना पोटातल्या ओलीविषयी सांगावे लागले नाही. कोअरच्या भट्टीमागे पत्र्याच्या शेडमध्ये पाइपवर कार्पेट टांगले, भट्टीपासून हात-दोन हात लांब, कारण जास्त तापले तर कार्पेट आकसते आणि पुन्हा गाडीच्या तळाशी बसत नाही. समोर मोठा पंखा लावला. गरम हवा तीच ओल कितीतरी अधिक उचलते, आणि पंखा ती उचललेली हवा तिथे थांबू देत नाही. मी पाहायला गेले तेव्हा बाहेर धो धो पाऊस होता आणि आत, त्या शेडमध्ये, चैत्रातल्या दुपारसारखी कोरडी ऊब होती. बेळगावात जुलै महिन्यात अशी हवा असू शकते हे मला माहीत नव्हते.

इकडे उघडी पडलेली गाडी मेस्त्रींनी एसीने वाळवली. काचा बंद, हवा आतल्या आत फिरवायची, एसी चालू आणि त्याच वेळी हीटरची खुंटी तांबड्याकडे. एसीच्या थंड कॉइलवर हवेतले पाणी जमते आणि नळीतून खाली ठिबकते. हीटर त्याच हवेला तापवून पुन्हा ओल उचलायला पाठवतो. हे उघड्या जागेतच करायचे, बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून कधीही नाही, असे त्यांनी मला दोनदा बजावले. गाडीखाली ठिबकणाऱ्या पाण्याचे थारोळे पाहून मला विलक्षण समाधान वाटत होते. गंज तारेच्या ब्रशने घासून, पुसून, त्यावर प्रायमर आणि रंग दिला. वायरींचे कनेक्टर उघडून पाहिले, एकात हिरवट कळंक धरला होता तो साफ केला. तळाची बुचे काढून, कोरडी करून पुन्हा बसवली. सीट बेल्ट पूर्ण ओढून बाहेर ठेवला, कारण तो गुंडाळलेला राहिला तर आतल्या आत बुरसतो.

माझी घाई चवथीची होती. गणपती आणायला गाडी हवी होती आणि आत्यालाही त्याच गाडीतून न्यायचे होते. मेस्त्री मात्र हात लावल्याबरोबर कोरडे म्हणायला तयार होईनात. त्यांनी फेल्टवर प्लॅस्टिकचा तुकडा ठेवून चारी कडा पट्टीने चिकटवल्या आणि रात्रभर तसाच सोडला. आत ओल असेल तर सकाळी प्लॅस्टिकच्या खालच्या बाजूला थेंब दिसतात. पहिल्या खेपेला सीटच्या पायाजवळचा, सगळ्यात जाड भाग, तिथेच थेंब दिसले; बाकी सगळे कोरडे. कार्पेट पुन्हा शेडमध्ये गेले. आत्याला मी हे सांगितले तेव्हा तिने विचारले, “गालाला लावून बघितलं काय त्यांनी?” मी तिला प्लॅस्टिकची गोष्ट समजावली. तिने ती नीट ऐकून घेतली आणि म्हणाली, “म्हणजे तेच.”

पुढच्या खेपेला प्लॅस्टिक स्वच्छ निघाले आणि चवथीच्या आधी सगळे जागच्या जागी बसले. डाव्या बाजूला दाराच्या उंबऱ्याखाली कार्पेटची कड दाबून टाकतात, ती मेस्त्रींनी माझ्या सांगण्यावरून सैल ठेवली आहे, म्हणजे हात घालून फेल्ट चाचपता येतो. गाडी आता गुलमोहरापासून दूर, भिंतीच्या कडेला उभी करते. पाऊस असेतो दर आठवड्याला वायपरच्या जाळीवर तांब्याभर पाणी ओतते आणि ते दोन्ही चाकांच्या मागून पडते की नाही ते वाकून पाहते. आत्याला मी सांगून ठेवले आहे, की गाडीत पायाला नुसते गार लागले तरी मला लगेच सांगायचे. ती हो म्हणाली आहे. तिच्या त्या होवर माझा अजून पुरता विश्वास नाही, म्हणून ती उतरली की मी स्वतःच आत हात घालून पाहते.